निसान एन7: फक्त चीनसाठी अख्खी गाडी काढायची वेळ का आली?

एप्रिल 2025 मध्ये निसानने चीनमध्ये एन7 ही इलेक्ट्रिक सेडान बाजारात आणली. किंमत 1 लाख 19 हजार 900 युआनपासून, म्हणजे आपले साधारण 14 लाख, आणि त्यात गाडी मिळते 4.93 मीटर लांब, आपल्याकडच्या होंडा सिटीपेक्षा चांगली फूटभर मोठी. महिन्याभरातच 10 हजारांच्या वर बुकिंग झालं. आता निसानसारखी जगभर एकच गाडी थोडाफार फेरफार करून विकणारी कंपनी एका देशासाठी वेगळी गाडी काढते म्हटल्यावर लोकांना वाटतं काहीतरी मोठी हुशारी असणार, पण मागचा इतिहास बघितला तर हुशारीपेक्षा नाइलाज जास्त दिसतो.

सुरुवात जुनी आहे. 1984 मध्ये फोक्सवॅगनने शांघायमध्ये भागीदारीचा करार केला आणि सँटाना ही सेडान बनवायला घेतली. 1994 च्या धोरणात नियमच झाला की परदेशी कंपनीला गाड्यांच्या कारखान्यात 50 टक्क्यांपेक्षा जास्त हिस्सा नाही. हिशेब सरळ होता, तुम्ही तंत्रज्ञान आणा, आम्ही बाजार देतो. निसानची डोंगफेंग या चिनी कंपनीबरोबरची निम्मी-निम्मी भागीदारी 2003 ची, त्याच साच्यातली.

तेव्हा "खास चीनसाठी" म्हणजे काय, तर बहुतेक वेळा मागची सीट. गाडीचा मालक मागे बसणार, पुढे ड्रायव्हर, त्यामुळे ऑडीने ए6 लांब करून नावापुढे 'एल' लावला आणि मग बाकीच्यांनीही तेच केलं. (आपल्याला यात नवल वाटायला नको, मर्सिडीज चाकणमध्ये लांब व्हीलबेसवाली ई-क्लास बनवते ती याच कारणासाठी.) पण मूळ गाडी जर्मनीची नाहीतर जपानची, चीनमध्ये नुसता पत्रा वाढवायचा.

निसानचं यात मस्त चाललं होतं. सिल्फी नावाची साधी, मऊ सीटची, कमी पेट्रोल खाणारी सेडान, घरातल्या पहिल्या गाडीसाठी लोक डोळे झाकून घ्यायचे, 2020 च्या आसपास ती चीनच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या सेडानमध्ये होती. 2018 मध्ये निसानने तिचीच इलेक्ट्रिक आवृत्तीही काढली, आत लीफ या निसानच्याच इलेक्ट्रिक गाडीचा प्लॅटफॉर्म (म्हणजे खालचा सांगाडा), वर सिल्फीचं रूप, एका चार्जमध्ये 338 किमी. तीही फक्त चीनसाठीच होती, त्यामुळे एन7 ची खरी पूर्वज तीच म्हणायला हवी. चालली मात्र नाही. 2010 मध्ये लीफ काढून बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या आधी इलेक्ट्रिकमध्ये उतरलेली कंपनी, पण चीनमध्ये तिला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, हे मला आजही अजब वाटतं.

तोवर चीन सरकारने मैदानच बदलून टाकलं होतं. 2009 पासून इलेक्ट्रिक गाड्यांना सबसिडी, आणि शहरात त्याहून भारी प्रकार म्हणजे नंबर प्लेट. शांघायमध्ये पेट्रोल गाडीच्या प्लेटचा लिलाव होतो, भाव 80-90 हजार युआनपर्यंत जायचा, बीजिंगमध्ये 2011 पासून लॉटरी, आणि इलेक्ट्रिकवाल्याला शांघायमध्ये हिरवी प्लेट फुकट. म्हणजे पेट्रोल सिल्फीच्या किमतीवर नुसत्या प्लेटचेच एवढे पैसे, मग माणूस शोरूममध्ये दुसरीकडे वळणारच ना. 2018 मध्ये इलेक्ट्रिकपुरती 50 टक्क्यांची अट गेली, टेस्लाने शांघायमध्ये पूर्ण स्वतःच्या मालकीचा कारखाना टाकला, आणि इकडे बीवायडी वगैरे चिनी कंपन्या बॅटरीसकट सगळं घरातच बनवायला लागल्या.

खरा दणका फेब्रुवारी 2024 चा. बीवायडीने छिन प्लस ही प्लग-इन हायब्रिड (चार्जही करता येते, पेट्रोलवरही चालते अशी) सेडान 79 हजार 800 युआनला आणली आणि जाहिरातच अशी की वीज तेलापेक्षा स्वस्त, म्हणजे विजेवरची गाडी पेट्रोल गाडीपेक्षा स्वस्त. हा थेट सिल्फीच्या पोटावर पाय होता. त्या वर्षी जुलैमध्ये किरकोळ विक्रीत इलेक्ट्रिक आणि प्लग-इन मिळून निम्म्याच्या वर गेल्या. 2018 मध्ये चीनमध्ये 15 लाखांच्या वर गाड्या विकणारी निसान 2024 मध्ये 7 लाखांच्या खाली आली, चांगचौचा कारखाना त्याच वर्षी बंद केला.

एन7 या पार्श्वभूमीवर आली. एप्रिल 2024 च्या बीजिंग शोमध्ये एपॉक नावाची कन्सेप्ट दाखवली, नोव्हेंबरमध्ये ग्वांगझूला एन7, आणि पुढच्या एप्रिलमध्ये विक्री सुरू. जपानी कंपन्यांच्या मानाने हा वेग म्हणजे कमालच. कारण यावेळी काम चिनी टीमकडे होतं: आर्किटेक्चर डोंगफेंग निसानचं तिथेच बनवलेलं, ड्रायव्हिंग असिस्टन्स मोमेंटा या चिनी कंपनीचा, बॅटरी चिनी एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारची. रेंज 510 ते 635 किमी सांगतात, पण ती चीनच्या सीएलटीसी चाचणीची, जी बरीच उदार आहे, हायवेवर एवढं धरून बसू नये. गंमत म्हणजे जाहिरातीत भर मोटर-पॉवरवर फारसा नाही, सेन्सरवाली सीट अंगाप्रमाणे जुळवून घेते, गाडी लागू नये म्हणून ब्रेक आणि वेग मऊ केलाय, असं सगळं. म्हणजे सिल्फीची सोफ्यासारखी सीटच, नव्या सॉफ्टवेअरसकट.

आणि हे एकट्या निसानचं नाही. टोयोटाच्या बीझेड3 मध्ये बीवायडीची बॅटरी आहे, तीही चीनसाठीच काढलेली. माझ्दाची ईझेड-6 तर चांगआन या चिनी कंपनीच्या पायावर उभी आहे आणि 6ई नावाने युरोपात विकायलाही गेली. आता निसानही चीनमध्ये बनवलेल्या गाड्या बाहेर पाठवायचं बोलतेय, तेव्हा एन7 फक्त चीनची किती दिवस राहते कोण जाणे.