मोंबासातली रविवारची उपासना आणि नाशिकचे शरणपूर : पार्श्वभूमी

केनियाला जाणारे मराठी प्रवासी बहुतेक नैरोबीहून मसाई माराकडे वळतात. मोंबासाला गेलेच तर फोर्ट जीझस, जुन्या शहरातल्या गल्ल्या आणि समुद्रकिनारा एवढे पाहून परततात. पण तिथे एखादा रविवार मोकळा मिळाला, तर खाडीपलीकडे किसौनीच्या बाजूला फ्रियर टाउनच्या चर्चमध्ये किंवा किनाऱ्यापासून थोडे आत रबईला सकाळच्या उपासनेला जाऊन बसावे. या दोन्ही मंडळ्यांच्या, म्हणजे तिथल्या उपासक समुदायांच्या, इतिहासाचा मोठा भाग नाशिकमध्ये घडला आहे. रोज शरणपूर रोडने ये-जा करणाऱ्या नाशिककरांनाही तो सहसा माहीत नसतो, म्हणून ही नोंद.

पोर्तुगीज काळाबद्दल थोडक्यातच सांगायला हवे, कारण आजच्या मंडळ्यांशी त्याचे नाते उरलेले नाही. फोर्ट जीझसचे बांधकाम १५९३ मध्ये सुरू झाले. सुलतानाच्या घराण्यातल्या एका मुलाला गोव्यात नेऊन बाप्तिस्मा दिला, तिथेच शिकवले आणि पुढे मोंबासाच्या गादीवर बसवले. त्यानेच १६३१ मध्ये किल्ल्याच्या कॅप्टनला ठार करून शहरातली ख्रिस्ती वस्ती संपवली. १६९८ मध्ये किल्ला ओमानी अरबांच्या हाती पडला. त्यानंतर दीड शतकाच्या आसपास मोंबासात नियमित ख्रिस्ती उपासना उरली नाही.

नवी सुरुवात १८४४ ची. इंग्लंडमधल्या एका अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, मिशनच्या सेवेतला जर्मन मिशनरी मोंबासात उतरला आणि काही आठवड्यांतच त्याची बायको आणि नुकती जन्मलेली मुलगी तापाने गेली. दोन वर्षांनी एक सहकारी येऊन मिळाला आणि दोघांनी रबईच्या टेकडीवर ठाणे केले. त्यांनी स्वाहिलीचा शब्दकोश, व्याकरण आणि बायबलच्या भाषांतरांची पायाभरणी केली, पण मंडळी काही जमली नाही. पाव शतक उलटले तरी बाप्तिस्मा घेतलेले लोक बोटांवर मोजण्याइतकेच होते. पहिल्या मिशनऱ्यांच्या कामाची थोरवी भाषेत आहे, मंडळीत नाही. ही गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण आजही रबईला जाणाऱ्या पाहुण्याला आधी त्या दोघांचीच कथा ऐकायला मिळते.

मंडळी आली ती समुद्रावरून. ब्रिटिश नौदलाची जहाजे अरबी समुद्रात गुलामांनी भरलेली गलबते पकडत. सोडवलेल्या मुलांना परत कुठे पाठवायचे हा प्रश्न असे, कारण गाव जळालेले, आईबाप विकले गेलेले, आणि मुलाला आपल्या मुलखाचे नावही धड सांगता येत नसे. त्यांतली बरीच मुले मुंबईत उतरवली गेली. नाशिकजवळ १८५४ मध्ये याच मिशनने शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली होती. तिथे १८६० पासून या आफ्रिकन मुलामुलींसाठी आश्रम चालू झाला. अक्षरओळख, बायबल, सुतारकाम, लोहारकाम हे तिथले शिक्षण. याओ आणि मकुआ जमातींची आणि न्यासा सरोवराकडची ही मुले गोदाकाठी लहानाची मोठी झाली. तिथेच त्यांची लग्ने झाली. १८६४ मध्ये त्यांच्यातले काही तरुण बायकांसह रबईला मिशनच्या मदतीला गेले.

आफ्रिकेचा अंतर्भाग धुंडाळणारे स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या प्रवासातही शरणपूरची मुले होती. १८७३ मध्ये चितांबोच्या गावात लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांचे हृदय तिथेच झाडाखाली पुरले गेले. त्या वेळी प्रार्थनापुस्तकातला दफनविधी वाचला नाशिकमध्ये शिकलेल्या एका तरुणाने. देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होताच. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर चालणाऱ्यांतही तो होता. आफ्रिकेच्या अंतर्भागात एका आफ्रिकन ख्रिस्ती माणसाने चालवलेली ही उपासना नाशिकच्या शिक्षणाचे फळ होते, आणि ती नाशिकमध्येच कुणाला आठवू नये याचे मला फार वाईट वाटते.

फ्रियर टाउनचे नाव पडले ते मुंबईच्या माजी गव्हर्नरांवरून. मुंबईचा कोट पाडायला लावणारे हेच ते बार्टल फ्रियर. शरणपूरचा आश्रम त्यांना माहीत होता. १८७२-७३ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करवण्यासाठी त्यांना झांझिबारच्या सुलतानाकडे पाठवण्यात आले. जून १८७३ मध्ये तह झाला आणि झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला. आता सोडवलेल्या लोकांना मुंबईला नेण्याऐवजी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच वसवावे, असे ठरले. शरणपूर उभारणाऱ्या मिशनऱ्यालाच मोंबासाला धाडले गेले. १८७५ मध्ये खाडीच्या उत्तरेला जमीन घेऊन वसाहत मांडली. तिच्या उभारणीला नाशिक आणि मुंबईहून सुमारे दीडशे आफ्रिकन आले. किनाऱ्यावरचे लोक त्यांना 'मुंबईवाले' म्हणूनच ओळखत.

नौदलाने सोडवलेले शेकडो लोक जसे या वसाहतीत येऊ लागले, तसे शिक्षक, सुतार, दुभाषे आणि उपासना चालवणारे कॅटेकिस्ट हे सगळे मुंबईवाल्यांतूनच पुरवले गेले. नव्याने आलेल्यांची मातृभाषा एक नव्हती, म्हणून उपासना स्वाहिलीत स्थिरावली. रोजचा दिवस घंटेवर चाले. वसाहतीवर हल्ल्याची भीती असे, तेव्हा धोक्याची सूचनाही त्याच घंटेने दिली जाई असे स्थानिक लोक सांगतात. केंगेलेनीच्या नाक्यावर ती घंटा आजही आहे.

आता ज्या निर्णयावरून सगळ्यात जास्त वाद झाला त्याकडे येतो.

१८७३ च्या तहाने समुद्रावरचा व्यापार आणि बाजार बंद झाले, पण गुलाम बाळगणे बंद झाले नव्हते. केनियाच्या किनाऱ्यावर त्याला कायद्याची मान्यता १९०७ पर्यंत होती. त्यामुळे नौदलाने समुद्रात पकडलेल्या गलबतातला माणूस मुक्त, पण मालिंदी किंवा ताकाउंगूच्या मळ्यातून स्वतःच्या पायांनी पळून आलेला माणूस मात्र कायद्याने मालकाचाच राहिला. असे लोक रात्री-अपरात्री मिशनच्या दारात येत. १८८० मध्ये चिडलेले मालक फ्रियर टाउनवर चालून येण्याची चिन्हे दिसली. ब्रिटिश वकिलातीने मिशनला खडसावले आणि पळून आलेल्यांना ठेवून घेऊ नका, असा हुकूम लंडनहून आला. मिशनने तो मान्य केला.

रबईचा कारभार तेव्हा व्यवहारात मुंबईवाल्यांच्या हातात होता. तिथे पळून आलेले लोक येत राहिले. त्यांनी झोपड्या बांधल्या, मका-कसावा लावला आणि रविवारी उपासनेला येऊन बसू लागले. त्यांना कुणी परत पाठवले नाही. १८८८ मध्ये सनद मिळालेल्या ब्रिटिश कंपनीने किनाऱ्याचा ताबा घेतला, तेव्हा मालकांची पहिली मागणी हीच होती की आमची माणसे मिशनकडे आहेत, ती परत द्या. मोजणी झाली आणि आकडा शेकड्यांच्या पलीकडे गेला. कंपनीने मालकांना माणशी भरपाई देण्याचा तोडगा काढला आणि १ जानेवारी १८८९ रोजी १,४०० हून अधिक लोकांना मुक्ततेचे कागद मिळाले.

हा निर्णय योग्य होता का? एक बाजू म्हणते की पैसे मोजणे म्हणजे मालकाचा हक्क मान्य करणेच झाले. कंपनीला काफिल्यांसाठी हमाल आणि किनाऱ्यावर शांतता हवी होती, दयेचा संबंध नव्हता. दुसरी बाजू म्हणते की इतकी माणसे परत मळ्यांत जाण्यापेक्षा पैसे मोजलेले बरे. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने आपल्या वसाहतींतल्या मालकांना २ कोटी पौंड दिलेच होते, १९०७ च्या कायद्यातही भरपाई होती. दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. पण या वादात मूळ गोष्ट झाकली जाते. कंपनीने पैसे मोजले ते रबईत आधीपासून मोकळेपणाने राहणाऱ्या माणसांसाठी. हुकूम पाळून त्यांना वेळच्या वेळी परत धाडले असते, तर १८८९ मध्ये कागद द्यायला कुणी शिल्लकच नसते. ज्यांनी तो हुकूम पाळला नाही त्यांना शाबासकी मिळाली नाही. युरोपीय मिशनऱ्यांनी आपल्याला हे ठाऊकच नव्हते असे सांगितले आणि ठपका रबईच्या आफ्रिकन पाळकावर आला. श्रेय कंपनीला गेले. शंभरावर वर्षे उलटल्यावर तरी हे उलटे लावले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

तो पाळक कोण होता हे कळले की ठपका आणखी खुपतो. १८८५ मध्ये मुंबईवाल्यांपैकी दोघांना डीकनची, म्हणजे पाळकपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा मिळाली. त्यांतला हा एक. त्याच वर्षी तो नव्या बिशपबरोबर युगांडाच्या वाटेला लागला. बिशपला बुसोगात मारले गेले, तेव्हा उरलेल्या काफिल्याला शेकडो मैल चालवत रबईला परत आणले ते यानेच. पुढे निळा झेंडा होता आणि त्यावर एकच शब्द, 'ईखाबोद'. बायबलमधल्या शमुवेलाच्या पुस्तकातला हा शब्द, अर्थ 'वैभव निघून गेले'.

पुढच्या दशकात हुद्दा, पगार आणि मान यांवरून मुंबईवाले आणि युरोपीय मिशनरी यांच्यात कुरबुरी वाढल्या. तेवढ्यात १८९६ मध्ये युगांडा रेल्वेचे काम मोंबासातून सुरू झाले आणि शिकलेल्यांना रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत जागा मिळू लागल्या. शहरात १९०५ मध्ये घुमटांचे आणि अरबी वळणाच्या कमानींचे कॅथेड्रल उभे राहिले. फ्रियर टाउनची धर्मशिक्षणाची शाळा १९३० मध्ये लिमुरूला गेली आणि वसाहतीचे महत्त्व ओसरले.

आज उपासनेत जाणवणारा मोकळेपणा मात्र नंतरचा आहे. रुवांडात उसळलेली पुनर्जागृतीची चळवळ १९३७ मध्ये केनियात पोचली. तिने सभेत उभे राहून साक्ष देणे आणि एकमेकांना भाऊ-बहीण मानणे रूढ केले. १९५२ मध्ये सगळ्या प्रदेशाला चालेल असे स्वाहिली बायबल आले. १९७० मध्ये केनियाचा अँग्लिकन प्रांत स्वतंत्र झाला आणि १९८९ मध्ये प्रभुभोजनाची स्वतःची विधी तयार झाली. तिच्या शेवटी मंडळी हात फिरवून आपल्या अडचणी क्रुसाकडे पाठवते आणि शेवटच्या ओळीला तेच हात आकाशाकडे उचलते. हे तुर्काना लोकांच्या प्रार्थनेवरून घेतले आहे. शेजारचे करतात तसे करावे, पाहुण्याने केले तर कुणाला वावगे वाटत नाही.

पाहुण्याला उभे करून ओळख करून द्यायला सांगतात. 'ब्वाना असिफिवे' म्हणायचे, म्हणजे प्रभूची स्तुती असो, मंडळी 'आमेन' म्हणते. मग नाव, गाव, दोन वाक्ये. नाशिक किंवा मुंबई म्हटलेत तर म्हातारी माणसे उपासना संपल्यावर थांबून बोलण्याची शक्यता बरीच आहे. अर्पण एकाहून जास्त वेळा गोळा होते, म्हणून सुटे पैसे जवळ ठेवावेत. कुणी कोंबडी किंवा केळ्यांचा घड अर्पण केला तर बाहेर त्याचा लिलाव होतो, त्यात बोली लावली तरी चालते. उपासना दोन-अडीच तास चालते, मधून उठून जाऊ नये. फोटो आधी विचारून काढावेत.

फाटकावर पिशव्या तपासतात. मार्च २०१४ मध्ये मोंबासाच्या लिकोनी भागात रविवारच्या उपासनेवर गोळीबार होऊन माणसे मारली गेली, तेव्हापासून किनाऱ्यावर ही तपासणी कडक झाली. तिला त्रासिक चेहऱ्याने सामोरे जाऊ नये. पुढाऱ्यांची भाषणेही आता कमी ऐकू येतील. देणगीच्या पाकिटासोबत व्यासपीठावरून प्रचार करण्याची रीत फार बोकाळली होती, म्हणून सप्टेंबर २०२१ मध्ये अँग्लिकन आर्चबिशपांनी राजकारण्यांना उपासनेत बोलायला बंदी केली. पुढारी मंडळीत बसू शकतो, प्रार्थना करू शकतो, पण माइक त्याच्या हाती द्यायचा नाही. निवडणुकीच्या वर्षांत ही बंदी सगळीकडे सारखी पाळली गेली नाही. परक्या पाहुण्याला मात्र माइक पूर्वीसारखाच मिळतो.