शेवाळ मारलं आणि विष पाण्यात उतरलं

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड किनाऱ्याजवळ पाम आयलंड नावाचं बेट आहे. वस्ती मुख्यतः तिथल्या मूळनिवासींची. 1979 च्या नोव्हेंबरमध्ये या बेटावरची मुलं एकामागून एक आजारी पडायला लागली. उलट्या, यकृताला सूज, मग मूत्रपिंडांवर परिणाम, काहींना रक्ताचे जुलाब. एकूण 148 जणांना हा त्रास झाला आणि त्यांतली 138 मुलं होती. सुदैवाने सगळी वाचली, पण डॉक्टरांना आजाराचं नाव सांगता येईना.

धागा सापडला तो पाण्यात. बेटाला सॉलोमन धरणातून पाणी यायचं. धरणात शेवाळ माजलं होतं, पाण्याला वास आणि चव येत असल्याच्या तक्रारी होत्या. म्हणून मुलं आजारी पडण्याच्या थोडे दिवस आधी धरणात कॉपर सल्फेट, म्हणजे आपल्या द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचं मोरचूद, टाकण्यात आलं होतं. शेवाळ मेलं. या धरणाचं पाणी न पिणाऱ्यांना मात्र काहीच झालं नव्हतं.

हे शेवाळ म्हणजे नील-हरित शेवाळ, शास्त्रीय भाषेत सायनोबॅक्टेरिया. नावात शेवाळ असलं तरी हे जिवाणूच आहेत, सूर्यप्रकाशावर स्वतःचं अन्न बनवणारे. त्यांच्या काही जाती यकृतावर, काही मज्जासंस्थेवर घाला घालणारी विषं तयार करतात. पेशी जिवंत असते तोवर यातलं बरंचसं विष तिच्या आतच असतं. पेशी फुटली की ते पाण्यात विरघळतं, आणि विरघळलेलं विष साध्या वाळूच्या गाळणीत अडकत नाही. पाम आयलंडच्या शेवाळातल्या विषाची रासायनिक रचना 1992 मध्ये उलगडली, तेव्हा या प्रकरणाचा बराचसा उलगडा झाला. पाणी स्वच्छ करायला टाकलेल्या औषधानेच विष मोकळं केलं होतं.

मला ही घटना फार महत्त्वाची वाटते, कारण घाण पाणी दिसलं की आपल्याला सुचणारे सगळे उपाय मारण्याचे असतात. विहिरीत टीसीएल पावडर टाका, पाणी उकळून प्या. कावीळ आणि कॉलरा यांच्याविरुद्ध हे सल्ले अगदी योग्य आहेत आणि त्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. इथे मात्र ते उलटू शकतात. 2 ऑगस्ट 2014 रोजी अमेरिकेतल्या टोलेडो शहराने सुमारे चार लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगितलं, तेव्हा उकळूही नका असं मुद्दाम बजावलं. ईरी सरोवरातल्या शेवाळाचं मायक्रोसिस्टिन नावाचं विष नळापर्यंत पोचलं होतं. ते उकळल्याने नष्ट होत नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. पिण्याच्या पाण्यात त्याची जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा लिटरमागे फक्त 1 मायक्रोग्रॅम आहे.

जलशुद्धीकरण केंद्रात मग काय करायचं? पेशी न फोडता अख्ख्या बाहेर काढायच्या. आधी तुरटी, मग निवळण, मग गाळण. विरघळलेल्या विषासाठी सक्रिय कोळसा. क्लोरीन शेवटी, पुरेशा मात्रेत आणि पुरेसा वेळ. सुरुवातीलाच क्लोरीन मारलं तर पाम आयलंडचीच चूक लहान प्रमाणात होते. तळाशी बसलेला गाळही लगेच उपसावा लागतो, कारण त्यातल्या पेशी मरून विष सोडतात.

पण हे झालं नळापुरतं. तलावातल्या माशांसाठी आणि काठावर पाणी पिणाऱ्या जनावरांसाठी असं केंद्र नसतं. या पेशींमध्ये वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असल्याने त्या तरंगतात, आणि वारा तो हिरवा थर नेमका काठाला लोटतो. रात्री शेवाळ प्राणवायू वापरतं, म्हणून पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तडफडतात. 2020 मध्ये बोट्स्वानातल्या ओकावांगो भागात तीनशेहून अधिक हत्ती मेले, तेव्हा तिथल्या सरकारनेही पाणवठ्यांमधल्या सायनोबॅक्टेरियाचंच कारण दिलं. हिरवा रंग विषारी आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. त्यामुळे रंग ओतल्यासारखं पाणी दिसलं तर गुरं तिथे नेऊ नयेत आणि मुलांना उतरू देऊ नये.

शेवाळ मुळात माजतं कशामुळे, याचं सर्वांत देखणं उत्तर कॅनडातल्या 226 क्रमांकाच्या सरोवराने दिलं. 1973 मध्ये सरोवरांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी त्याच्या मधल्या चिंचोळ्या भागात पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र टाकलं. दुसऱ्यात तेच, आणि शिवाय स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. विमानातून काढलेल्या छायाचित्रात स्फुरदाचा भाग गर्द हिरवा दिसतो, दुसरा नेहमीसारखा काळसर. नत्राचाही शेवाळवाढीला हातभार लागतो, पण सायनोबॅक्टेरियाच्या अनेक जाती ते हवेतून घेऊ शकतात. स्फुरद हवेतून मिळत नाही. ते आपणच पाण्यात पोचवतो.

ईरी सरोवराने याचा पडताळा दोनदा दिला. 1972 च्या अमेरिका-कॅनडा करारानंतर सांडपाणी आणि डिटर्जंटमधलं स्फुरद कमी केलं, आणि 1980 च्या दशकात सरोवर सावरलं. नव्वदीच्या मध्यापासून शेवाळ परतलं. या वेळी स्फुरद शेतांतून येत होतं: मातीवर पसरलेलं खत, जमिनीखालचे निचऱ्याचे पाइप आणि वसंतातला जोरदार पाऊस. ईरीला मिळणारी मॉमी नदी मार्च ते जुलै या काळात किती स्फुरद आणते, यावरून आता त्या उन्हाळ्याच्या शेवाळाचा अंदाज वर्तवला जातो. 2008 च्या तुलनेत 2025 पर्यंत या स्फुरदात 40 टक्के घट करण्याचं ठरलं होतं. ती गाठता आलेली नाही.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि तिथून उजनीत जातं. वाटेत उसाच्या शेतांतलं खतही मिळतं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी हिरवं होतं, आणि सोलापूर ते पितं. अशा दिवसांत मायक्रोसिस्टिनची नियमित चाचणी करून आकडे लोकांपुढे ठेवायला हवेत. सांडपाणी प्रकल्प चालू आहे एवढं सांगूनही भागणार नाही, कारण नेहमीच्या प्रक्रियेत स्फुरदाचा काही भागच निघतो. उरलेलं धरणाच्या गाळात साठतं, आणि तळाचा प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात येतं. त्यामुळे वरून येणारं स्फुरद आज थांबवलं तरी गाळातला साठा पुढची कित्येक वर्षं शेवाळाला पुरत राहील.