पैठणीचा दुसरा रंग येतो कुठून?

लग्नसराईत पैठणी घ्यायला गेलं की दुकानदार घडी मोडतो, कापड उजेडाकडे वळवतो आणि म्हणतो, "बघा ताई, धूपछाँव! म्हणजे अस्सल." जांभळी साडी खरोखरच क्षणात लाल, क्षणात निळी होते. धूपछाँव खरी, पण "म्हणजे अस्सल" हे चूक. पॉलिएस्टरच्या अखंड तंतूंचं कापडही असाच रंग पालटतं, कारण ही करामत रंगाऱ्याची कमी आणि भूमितीची जास्त आहे.

ताणा, म्हणजे साडीच्या लांबीचे धागे, लाल. धोट्यातून आडवा जाणारा बाणा निळा. वीण साधी, एक वर एक खाली, त्यामुळे दोन्ही रंग जवळपास निम्मे-निम्मे वर येतात. एक मीटरवरून आपल्या डोळ्याला साधारण ०.३ मिलिमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके सुटे दिसत नाहीत आणि रेशमी पोतातले धागे सहसा त्याहून दाट असतात. म्हणून जांभळा. मग कापड वळवल्यावर एकच रंग का उसळी मारतो?

चकचकीत सळईवर किरण पडला तर सपाट आरशासारखा तो एकाच दिशेने परतत नाही. सळईच्या लांबीशी तो जो कोन करून येतो तोच कोन राखून, पण शंकूच्या आकारात पसरतो. किरण काटकोनात आला तर हा शंकू पार उघडून सपाट चकती होते. आता खिडकीसमोर कापड पसरा. डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या धाग्यांना खिडकीचा प्रकाश काटकोनात भेटतो, आणि आपला डोळाही त्याच चकतीच्या पातळीत असतो. मान वर करा, खाली करा, ते धागे चमकतच राहतात. खिडकीच्या दिशेने जाणारे धागे मात्र डोळा नेमक्या आरशाच्या कोनात आला तरच झळकतात. कापड ९० अंशांत फिरवलं की दोघांच्या भूमिका बदलतात.

पण चमक पांढरी न दिसता रंगीत का? सरळ पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ५ टक्के तंतूच्या पृष्ठभागावरूनच परततो, तो पांढरा. बाकीचा पारदर्शक तंतूच्या आत शिरतो, रंगद्रव्यातून जाताना रंग घेतो, आत आपटतो, वळतो आणि बाहेर पडतो. गुळगुळीत दंडगोलातून तो कितीही वेळा आपटून बाहेर आला, तरी पुन्हा त्याच कोनाच्या शंकूत येतो! त्यामुळे लाल उजेड एका चकतीत, निळा दुसऱ्या.

सुताला हे जमत नाही. कापसाचे तंतू जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचे. पीळ देऊन जोडलेले, टोकं बाहेर आलेली. शंकू हजार दिशांना तोंडं करून बसतात आणि सगळी सरमिसळ होते. कोशातला रेशमाचा तंतू शेकडो मीटर अखंड असतो, म्हणून तंतू शेजारी शेजारी एका दिशेत राहतात. धाग्याला पीळ फार दिला तर रेशमाचीही चमक उतरते.

ही चमक बिघडू शकते विणण्याआधीच, रेशीम उकळताना. कच्च्या रेशमात फायब्रॉइनचे, म्हणजे रेशमाच्या मूळ प्रथिनाचे, दोन तंतू सेरिसिन नावाच्या डिंकाने चिकटलेले असतात; वजनाचा सुमारे चौथा हिस्सा हा डिंकच. तो साबण-सोड्याच्या गरम पाण्यात काढतात. कमी निघाला तर धागा राठ, निस्तेज राहतो आणि रंग डागाळतो. सोडा जास्त झाला किंवा फार वेळ उकळलं तर फायब्रॉइनच दुखावतं, लव सुटते. पुढे मागावर बाणा ठोकून बसवणाऱ्या फणीचा ठोका कमी-जास्त झाला तर बाण्याची दाटी बदलते आणि जांभळ्यात आडवे पट्टे उमटतात. काम थांबवून पुन्हा सुरू केलं की हा धोका असतोच.

नेसल्यावर गंमत वाढते. निऱ्यांमध्ये ताणा आडवा असतो, खांद्यावरून पाठीवर सुटलेल्या भागात तोच उभा. एकाच दिव्याखाली दोन्हीकडे वेगळी छटा दिसते, आणि कुणाला तरी वाटतं की फोटो बिघडला.

मग पारख कशी करायची? सुटा धागा जाळून केस जळल्याचा वास आला, राख ठिसूळ निघाली, तर तो धागा प्रथिनाचा आहे एवढंच कळतं. तो हातमागावर विणला की यंत्रमागावर, आणि जर चांदीची की प्लास्टिकची, हे वासाला ठाऊक नसतं. रेशीम म्हणे सात्त्विक लहरी खेचून घेतं. प्रत्यक्षात ते विजेचं दुर्वाहक असल्याने घासल्यावर त्यावर विद्युतभार साचतो, शाळेतल्या काचेच्या कांडीच्या प्रयोगासारखा. त्यापलीकडे काही नाही.

हातमागाची खूण पदराच्या मागे पाहा. येवल्या-पैठणच्या पारंपरिक विणीत मोराच्या प्रत्येक रंगाला वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी कांडी, असते. तिचा धागा आपल्या रंगाच्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या धाग्यात अडकतो आणि माघारी फिरतो. म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. जॅकार्ड (नक्षीप्रमाणे ताण्याचे धागे उचलणारी यंत्रणा) लावलेल्या यंत्रमागाच्या पदरात नको असलेला रंग मागून लोंबत पुढे जातो. ते धागे कापलेले असतील तर बोट फिरवा, खरखर लागेल.