बाक काढला की होडी मिटते

फोल्डिंगची होडी करतोय म्हटल्यावर शेजारच्या काकांचा पहिला प्रश्न आला, "आणि मधेच मिटली तर?" त्यांची चूक नाही. फोल्डिंगची खाट आणि कार्यालयातल्या खुर्च्या यांनी आपल्या मनात पक्कं बसवलंय की घडी होणारी वस्तू लेचीपेचीच असणार. होडीच्या बाबतीत मात्र गंमत उलटी आहे. ती मिटू शकते ज्या कारणाने, त्याच कारणाने ती उघडल्यावर ताठ राहते.

कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये एडवर्ड बर्थन नावाच्या पाद्र्याने एकोणिसाव्या शतकात कॅनव्हासची मिटणारी जीवरक्षक नौका केली. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिकवर कॅनव्हासच्या बाजू उभ्या करायच्या चार एंगेलहार्ट नौका होत्या. त्यातली एक पाण्यात उलटीच पडली, आणि तशा उलट्या होडीवर उभं राहून काही माणसं वाचली. माझी गरज एवढी गंभीर नव्हती. तिसरा मजला, जिना अरुंद, आणि होडी ठेवायला गॅलरी. तेव्हा मिटल्यावर आठ फूट बाय दोन फूट आणि चार इंचांपेक्षा कमी जाड, एवढं झालं की गाडीच्या टपावर जाते.

प्लायला हात लावण्याआधी एक लग्नपत्रिका घ्या, जाड कागदाची. तिच्यातून दोन सारखे तुकडे कापा. प्रत्येकाची वरची कड सरळ, खालची कड धनुष्यासारखी बाकदार. दोन्ही एकावर एक ठेवून फक्त बाकदार कडेला चिकटपट्टी लावा. आत्ता हातात एक सपाट पान आहे. आता वरच्या सरळ कडा मधोमध बोटांनी फाका आणि आत काडेपेटीची काडी आडवी अडकवा. होडी! आणखी एक पाहा. कडा जितक्या जास्त फाकाल तितकी दोन्ही टोकं वर उचलली जातात. टोकांना कुणी हातही लावलेला नाही.

हे का होतं? कागद वाकतो, पण ताणला जात नाही. संत्र्याचं साल टेबलावर सपाट दाबलं की फाटतं, तेच दुसऱ्या बाजूने. गाऊस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली दाखवलं की पृष्ठभाग न ताणता कसाही वाकवला तरी त्याच्या दोन मुख्य वक्रतांचा (म्हणजे एका जागी सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी बाक, यांचा) गुणाकार बदलत नाही. सपाट कागदाचा गुणाकार शून्य. म्हणजे वाकवल्यावरही दोनांपैकी एक वक्रता शून्यच राहायला हवी. कागद नळीसारखा वळेल, शंकूसारखा वळेल, पण कढईसारखा नाही. प्लायवूडचंही तेच.

आता शिवणीकडे, म्हणजे चिकटपट्टी लावलेल्या बाकदार कडेकडे या. मिटलेल्या अवस्थेत शिवणीची वक्रता समजा 'क' आहे. होडी उघडताना प्रत्येक बाजू मधल्या प्रतलापासून 'अ' कोनाने दूर गेली, तर शिवणीची नवी वक्रता होते क भागिले कोसाइन अ. दोन्ही बाजू ६० अंश फाकल्या, म्हणजे मधला कोन १२० अंश झाला, की कोसाइन अर्धा आणि वक्रता दुप्पट. टोकं वर का येतात त्याचं उत्तर हेच. ९० अंशाला कोसाइन शून्य होतो, वक्रता अनंत. म्हणून हे पान पूर्ण सपाट उघडणं अशक्यच आहे. त्याला होडी व्हावंच लागतं. (दहावीनंतर कोसाइनशी संबंध तुटला असेल तर काडेपेटीच्या काडीवर विश्वास ठेवून पुढे चला.)

ताठपणाही इथूनच येतो. सुताराचा पोलादी टेप आठवा. त्याला आडवा बाक दिलेला असतो, म्हणून तो हातभर बाहेर काढला तरी सरळ राहतो. एका दिशेने वाकलेली पट्टी दुसऱ्या दिशेने वाकायला नकार देते. होडीच्या फळ्यांना हा बाक देतो तो आडवा अडकवलेला बसायचा बाक. तो खाचेत बसला की होडी ताठ, काढला की वहीसारखी बंद. काकांच्या प्रश्नाचं उत्तर असं की वल्हवणारा ज्यावर बसलाय तेच कुलूप आहे.

प्रत्यक्षात चार फळ्या लागतात, तळाच्या दोन आणि बाजूच्या दोन. शेजारच्या दोन फळ्यांच्या कडा नुसत्या सारख्या लांबीच्या नाही, तर तंतोतंत सारख्या वळणाच्या हव्यात, तरच त्या एकावर एक सपाट बसतात. आठ बाय चारचे दोन ताव पुरतात. प्लाय 'आयएस ७१०' शिक्क्याचा मरीनच घ्या, दुकानदार "वॉटरप्रूफच आहे साहेब" म्हणाला तरी. ६ मिलिमीटरचा घेतला तर होडी साधारण २५ किलो होते. पाण्याच्या पातळीला तिचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर धरा, म्हणजे १५ किलोला ती सुमारे १ सेंटिमीटर बुडते. माणसासह १०० किलोला ७ सेंटिमीटर. तळ बाकदार असल्याने याच्या दुप्पट धरून चला.

बिजागरी म्हणून मी ट्रकच्या ताडपत्रीची पट्टी दोन्हीकडून चिकटवली आणि वरून लाकडी पट्ट्या स्क्रूने आवळल्या. फळ्या शिवून नाव करणं आपल्याला नवं नाही. अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलेली, काथ्याने शिवलेली 'कौंडिण्य' २०२५ साली नौदलात दाखल झाली. शिवलेली जहाजं होती याला पुरावा आहे, म्हणून त्याच दमात आलेला प्राचीन विमानांचा फॉरवर्ड खरा ठरत नाही. 'कधीच न बुडणारी होडी, दोन तासांत' हा रीलही नाही. पहिल्या दिवशी नारळ वाढवायला माझी हरकत नाही, खोबरं मिळतं. लाइफ जॅकेट मात्र घालाच, आणि धरणात उतरायचं तर परवानगी आधी काढा.

पहिली चाचणी मावसभावाच्या शेततळ्यात घेतली, कमरेला दोर बांधून, कारण अस्तराचं प्लॅस्टिक इतकं निसरडं असतं की पोहणाऱ्यालाही काठ धरता येत नाही. होडी मिटली नाही. पण पाच मिनिटांत पायाशी पाणी आलं. शिवणी कोरड्या होत्या. पाणी येत होतं दोन्ही टोकांच्या कोपऱ्यांतून, जिथे सगळ्या शिवणी एकत्र येतात. तिथे ताडपत्रीला एकाच वेळी दोन दिशांनी वळावं लागतं, ते तिला जमत नाही, सुरकुती पडते आणि सुरकुतीतून पाणी शिरतं. गाऊसच तो. शेवटी ट्रकच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे कापले आणि कोपऱ्यांवर ताणून चिकटवले. रबर ताणलं जातं, त्याला गाऊसची अट लागू नाही. एक कोपरा कोरडा झाला. दुसरा अजून पाझरतो, म्हणून बाकाखाली एक स्पंज ठेवलाय.