अस्थिसुषिरता, उतारवयातील पुरुषांची : जीवनशैलीतील धोके

हाडांमधील खनिज आणि प्रथिनांची जाळी विरळ होऊन हाड आतून सच्छिद्र व ठिसूळ होणे म्हणजे अस्थिसुषिरता. बोलीभाषेत तिला ‘हाडांची झीज’ म्हणतात, पण ‘गुडघे झिजले’ म्हणतात ती झीज वेगळी. गुडघ्यात सांध्यातली कूर्चा झिजते आणि गुडघा दुखतो. अस्थिसुषिरतेत मात्र हाड मोडेपर्यंत सहसा काहीच दुखत नाही. डेक्सा या क्ष-किरण तपासणीत कमरेच्या मणक्यांची किंवा खुब्याजवळच्या हाडाची घनता मोजून टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुणाच्या घनतेशी तुलना करणारा आकडा, काढतात. तो उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला तर अस्थिसुषिरता, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असला तर हाडांची घनता कमी, असे धरतात.

हा बायकांचा आजार असा पक्का समज असल्याने पुरुषांकडे दुर्लक्ष होते. हाडांचा साठा तिशीच्या सुमारास सर्वाधिक असतो. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यावर तो भराभर उतरतो, पुरुषांमध्ये संथपणे. जगभरच्या अंदाजानुसार पन्नाशी ओलांडलेल्या दर ५ पुरुषांपैकी एकाचे हाड पुढच्या आयुष्यात ठिसूळपणामुळे मोडते. खुब्याचे हाड मोडल्यानंतर वर्षभरात दगावण्याचे प्रमाण तर पुरुषांतच जास्त आहे.

पुण्यातले अनेक ज्येष्ठ पहाटे टेकडीवर जातात. पर्वती असो, तळजाई असो की वेताळ टेकडी, हृदयासाठी आणि मनासाठी हा नेम उत्तमच. पण साडेसहाच्या कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व जवळपास मिळत नाही. ते तयार करणारे अतिनील-ब किरण सूर्य तिरपा असताना वातावरणातच अडतात, आणि थंडीत अंगावर स्वेटर व कानटोपी असते ती वेगळीच. सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असावी. पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साधारण साडेबाराला. त्यामुळे सावली आखूड असण्याची वेळ डिसेंबरात जेमतेम साडेअकरा ते दीड, तर एप्रिलात साडेनऊलाच सुरू होते. उन्हाळ्यात दुपार टाळून दहाच्या आसपास, आणि थंडीत जेवणाआधी, हात-पाय उघडे ठेवून १५ ते ३० मिनिटे बसावे. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. बाल्कनीच्या बंद काचेआड बसून उपयोग नाही, कारण काच नेमके हेच किरण अडवते. जून ते सप्टेंबर ढगांमुळे भरवसा धरू नये.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टर बहुधा आठवड्याला एक अशी ठरावीक आठवडे देतात. कोर्स संपला तरी तीच चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे दर आठवड्याला पुडी घेत राहणारे कमी नाहीत. त्याने रक्तातले कॅल्शियम वाढते, मळमळ होते, तहान वाढते आणि मूत्रपिंडावर भार येतो.

आहारातली तूट ताटाकडे पाहून कळत नाही, हिशेब मांडावा लागतो. ज्येष्ठ पुरुषाला दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. आता नेहमीचा दिवस घ्या. दोन चहांतल्या दुधाचे ८०, चार-पाच पोळ्यांचे ५०, वाटीभर वरणाचे ४०, भाजीचे ५०, पातळ ताकाच्या पेल्याचे ८०. बेरीज ३०० च्या घरात जाते. उरलेले भरून काढायला २०० मिलिलिटर दूध (सुमारे २४०), ६० ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी (सुमारे २००), वाटीभर घट्ट दही (सुमारे १८०) आणि मोठा चमचाभर तिळाची चटणी (१०० च्या आसपास) हा साधा मार्ग. पालकात कॅल्शियम भरपूर असले तरी ऑक्झलेट ते बांधून ठेवते, त्यामुळे आतड्यात फारच थोडे शोषले जाते. त्यापेक्षा दूध-दही आणि नाचणीवर भर द्यावा.

प्रथिनांची आबाळ त्याहून मोठी. ६० किलो वजनाच्या माणसाला रोज ६० ते ७० ग्रॅम प्रथिने हवीत. दात गेले, भूक मंदावली की जेवण पोहे, उपमा, मऊ भात, साबुदाण्याची खिचडी यांवर येते, आणि प्रथिने तर त्यांत फार थोडी. एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर वरणात ५-६, पेलाभर दुधात ६-७. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे. मिठामुळे लघवीवाटे कॅल्शियम जाते, तेव्हा लोणचे, पापड, फरसाण बेताने. चहा बदनाम आहे तितका दोषी नाही. दुधाऐवजी चहा, असे झाले तर तो दोषी.

विडी-सिगारेटने हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात आणि कॅल्शियमचे शोषण घटते. तंबाखूबरोबरच्या चुन्यातून कॅल्शियम मिळते म्हणून तो हाडांना चांगला, हा समज घातक आहे. चुन्याने तंबाखू अल्कधर्मी होतो आणि निकोटिन तोंडाच्या अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरते, चुना लावून मळण्याचा परिणाम तो हाच. दारूचा धोका दिवसाला ३ युनिटपासून धरतात. ४२.८ टक्क्यांच्या दारूचा ३० मिलिलिटरचा पेग म्हणजे सुमारे एक युनिट, क्वार्टर म्हणजे सहा, आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची मोठी बाटली म्हणजे चार. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याने हे गणित करावे.

हाड भार पडला तरच टिकते. सायकल आणि पोहणे हृदयाला चांगले, पण दोन्हींत शरीराचे वजन हाडांवर पुरेसे येत नाही. पर्वतीच्या पायऱ्या चढण्यात ते येते. आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचे किंवा रबरी पट्ट्यांचे व्यायाम हवेत. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला १५ सेकंदांहून जास्त लागत असतील तर मांड्या कमकुवत झाल्या आहेत. मणका आधीच ठिसूळ असेल तर पश्चिमोत्तानासन किंवा सूर्यनमस्कारातले पूर्ण पुढे वाकणे बंद ठेवावे. वाकल्यावर मणक्याच्या पुढच्या कडेवर भार येऊन तो चेपतो. कमरेत वाकून गॅस सिलिंडर ओढल्यानेही तेच होते, आणि दुचाकीच्या मागच्या सीटवर गतिरोधकाचा दणका बसला तरी. बसमध्ये मागच्या चाकामागची सीट टाळावी.

मणके सोडले तर हाडे बहुतेक पडल्याने मोडतात, आणि पडणे बहुधा घरातच होते. प्रोस्टेटमुळे रात्री दोन-तीनदा उठणे, रक्तदाबाच्या गोळीने उठताना येणारी चक्कर, अंधार आणि बाथरूमची ओली फरशी हे एकत्र आले की झाले. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवावा, कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा (टॉवेलचा दांडा वजन पेलत नाही), आणि उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसावे.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, तीन महिन्यांहून अधिक घेतले असेल तर सवयी कितीही चांगल्या असोत, तपासणी करावीच. दमा-सांधेदुखीवरच्या बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ आढळते, म्हणून त्यांचीही माहिती डॉक्टरांना द्यावी. धोका नसलेल्यांनी ७० व्या वर्षी डेक्सा करावी, धोका असणाऱ्यांनी पन्नाशीनंतर. दरवर्षी अनवाणी, भिंतीला टाच टेकवून उंची मोजून खूण करावी. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ती ४ सेंटिमीटरहून जास्त घटली असेल, तर पाठ दुखत नसली तरी मणक्यांचा एक्स-रे काढावा.