सशाच्या मऊ लेंड्या आणि सशाचे जुलाब

सकाळी पिंजऱ्यात काळपट, चिकट, ओलसर गोळा पडलेला दिसतो, वासही आंबूस येतो आणि घरात लगेच निदान होतं: सशाला जुलाब लागले. मग ठरलेले उपाय सुरू. चारा बंद, समोर दही-भाताची वाटी, फारच काळजी वाटली तर घरातल्या पोराच्या औषधातलं अर्धा चमचा. यातलं काहीच सशाला मानवत नाही आणि बहुतेक वेळा जुलाब झालेलेच नसतात.

ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक आपल्या ओळखीची: गोल, कोरडी, तपकिरी, साधारण 1 सेंमीची. दोन बोटांत चुरली तर आतून निव्वळ गवताच्या बारीक काड्या निघतात, वास जवळजवळ नसतोच. दुसरी मऊ. छोट्या चकचकीत गोळ्या एकमेकींना चिकटून तुतीच्या फळासारखा घोस झालेला असतो. दाबला की लगदा होतो आणि नाकाला झोंबतो. ही एरवी आपल्या नजरेला पडत नाही, कारण ससा ती जमिनीवर पडूच देत नाही. मान खाली घालून थेट तोंडात घेतो आणि न चावता गिळतो. बघणाऱ्याला वाटतं, अंग चाटतोय.

तोंड वाकडं करू नका, हे त्याचं जेवणच आहे. गवत खाल्लं की आतड्यात त्याची वाटणी होते. जाडे तंतू सरळ पुढे सरकतात आणि कोरड्या लेंड्या होऊन बाहेर पडतात. बारीक कण आणि पाणी मात्र उलट्या दिशेने सीकम नावाच्या, आतड्याच्या मोठ्या भागात ढकललं जातं. तिथले जिवाणू ते आंबवतात. त्यातून प्रथिनं, ब गटातली जीवनसत्त्वं आणि के जीवनसत्त्व तयार होतं. हा ऐवज बुळबुळीत आवरणात गुंडाळून बाहेर येतो, बहुधा रात्री किंवा घरात सामसूम असताना, आणि ससा तो पुन्हा पोटात घेतो. मोरो या फ्रेंच पशुवैद्याने 1882 साली हे नोंदवून ठेवलं आहे.

म्हणजे मऊ लेंडी दिसली तर प्रश्न ‘ही का झाली’ हा नाही, ‘ही न खाता का उरली’ हा आहे. सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे लाड. बिस्किट, पोळीचा तुकडा, केळं, आणि हो, गाजरसुद्धा. साखर आणि पिठूळ खाणं वाढलं की सीकममधलं गणित बिघडतं, लेंड्या जास्त आणि पातळ होतात, ससा त्या सोडून देतो. लठ्ठ सशाची मान मागे पोचत नाही. म्हाताऱ्याची पाठ दुखते, कुणाचे दात वाढलेले असतात, तर कुणाच्या गळ्यात शस्त्रक्रियेनंतर लावलेली कॉलर असते. ससा खेळतोय, खातोय आणि सोबत कोरड्या लेंड्याही भरपूर आहेत, तर खाऊ बंद करा आणि सुकं गवत वाढवा. मारवेल, हरळी, विकतचं टिमोथी, जे मिळेल ते, पण चोवीस तास समोर हवं. लसूणघास वाढत्या पिल्लांना ठीक. मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. चार-पाच दिवसांत फरक दिसला नाही तर दात आणि पाठ तपासून घ्या.

खरे जुलाब वेगळे दिसतात. त्यात घोस नाही, गोळी नाही, नुसतं पाणी किंवा शेंबडासारखा पदार्थ. मुख्य म्हणजे कोरड्या लेंड्या येणंच थांबतं. ससा पाठ वाकवून कोपऱ्यात बसतो, दात करकर वाजवतो, कान गार लागतात. मोठ्या सशात हे क्वचित होतं, पिल्लांत जास्त. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडून बाजारात आणलेली पिल्लं यातच जातात. कॉक्सिडिया नावाचे आतड्यातले परजीवी हे त्यामागचं एक मोठं कारण. इथे उद्यापर्यंत वाट बघायची नसते.

आपल्याकडे पोट बिघडलं की लंघन. सशाला लंघन जिवावर बेततं: खाणं थांबलं की आतड्याची हालचाल थांबते, आत वायू साचतो आणि ससा उलटीही करू शकत नाही. दहा-बारा तास खाल्लं नाही, लेंडी टाकली नाही, एवढ्यावरूनच डॉक्टरांकडे निघावं. दही-भात देणं म्हणजे पिठूळ खाण्यात दुधाची भर. आणि घरातलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तर नकोच. तोंडावाटे दिलं की चांगले जिवाणू मरतात, त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियम नावाचे घातक जिवाणू माजतात आणि त्यांचं विष ससा मारतं. कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं तरी ‘सशाला चालतं ना?’ एवढं विचाराच.

पावसाळ्यात या दोन्हींपैकी काहीही मागे चिकटून राहिलं तर माश्या तिथे अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या होऊ शकतात. शेपटीखालची जागा रोज बघा. घाण झालीच तर तेवढाच भाग कोमट पाण्याने पुसून कोरडा करा, अख्खा ससा आंघोळीला घालू नका. दवाखान्यात जाताना रात्रीची ताजी लेंडी झाकणाच्या डबीत घ्या आणि शेवटचं कधी आणि काय खाल्लं ते लिहून न्या. फोटोवरून मऊ लेंडी कोणती आणि जुलाब कोणते, हे जाणत्यालाही सांगता येईलच असं नाही.