फ्रँकलिनिया: जॉर्जियात संपलेलं, फिलाडेल्फियात उरलेलं झुडूप

अमेरिकेतल्या रोपवाटिकेत फ्रँकलिनियाच्या कुंडीला लटकवलेल्या चिठ्ठीवर साधारण एवढंच असतं: माती ओलसर पण चांगल्या निचऱ्याची, आम्लधर्मी; ऊन किंवा अर्धी सावली; सुवासिक पांढरी फुलं ऑगस्टपासून कडाक्याची थंडी पडेपर्यंत. वाचून वाटतं, यात काय अवघड? पण या झुडपाचे नखरे सांभाळता सांभाळता मुरलेले माळीही थकतात. त्या नखऱ्यांचं मूळ अमेरिकेच्याच जॉर्जिया राज्यातल्या एका नदीकाठच्या दोन-तीन एकर जमिनीत आहे. जगात दुसरीकडे कुठेही हे झाड रानात आढळल्याची नोंद नाही, आणि आता तिथेही ते नाही.

१ ऑक्टोबर १७६५. जॉन बार्ट्राम आणि त्यांचा मुलगा विल्यम जॉर्जियातल्या अल्टामाहा नदीकडे निघाले होते. वाट चुकली आणि फोर्ट बॅरिंग्टनजवळ त्यांना काही विलक्षण झुडपं दिसली. नाव ठाऊक नसल्यामुळे जॉननी रोजनिशीत तेवढंच लिहून ठेवलं. हे जॉन बार्ट्राम मुळात शेतकरी. फिलाडेल्फियाजवळ स्कूलकिल नदीच्या काठी त्यांनी १७२८ मध्ये जमीन घेतली, बाग उभी केली, आणि अमेरिकेतल्या झाडांच्या बिया पेटीत भरून लंडनला पाठवायचा व्यवसाय सुरू केला. तिकडे पीटर कॉलिन्सन नावाचे कापडव्यापारी त्या पेट्या पाच गिनी दराने इंग्लंडातल्या जमीनदारांना विकून देत. १७६५ मध्ये तिसऱ्या जॉर्जने जॉनना राजाचे वनस्पतितज्ज्ञ नेमलं, वर्षाला ५० पौंड. फ्लॉरिडा नुकतंच स्पेनकडून ब्रिटिशांच्या ताब्यात आलं होतं, तिथे काय उगवतं ते पाहायचं होतं. त्याच दौऱ्यात ही वाट चुकली.

बापाला वेळ नव्हता आणि वयही झालं होतं. विल्यम मात्र १७७३ मध्ये पुन्हा दक्षिणेत उतरला. या वेळी पैसे लंडनच्या डॉ. जॉन फॉदरगिल यांचे. धंद्यात सपशेल बुडालेल्या विल्यमला चित्रं काढायला आणि रानात फिरायला तेवढं छान जमत असे. या भटकंतीत त्याने ते झुडूप बहरलेलं पाहिलं. पाच पाकळ्यांचं शुभ्र फूल, साडेसात-आठ सेंटिमीटर रुंद, मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. आपल्याकडच्या माणसाला नागचाफा आठवेल. वास बराचसा संत्र्याच्या बहाराच्या अंगाने जाणारा. आणि फुलांच्या शेजारीच पिकलेली फळंही होती. यात चमत्कार काही नाही, या झाडाचं फळ पिकायला वर्षाहून अधिक काळ लागतो. या वर्षीची कळी उमलते तेव्हा गेल्या वर्षीचं टणक, गोल बोंड त्याच फांदीवर असतं. ते वरून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी नागमोडी तडकतं. एकाच फेरीत फुलाचं वर्णनही झालं आणि बियाही हाती लागल्या, हे या हळू पिकणाऱ्या फळाचेच उपकार.

जानेवारी १७७७ मध्ये विल्यम घरी परतला. त्याच वर्षी सप्टेंबरात जॉन वारले. बियांपासून वाढलेल्या झाडांना बागेत पहिली फुलं आली ती १७८१ मध्ये, म्हणजे बापाच्या नशिबात ती नव्हती.

नावाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण वनस्पतिशास्त्रातले नामकरणाचे वाद बाहेरच्या माणसाला फारसे पचत नाहीत. बार्ट्राम घराण्याचे नातलग हम्फ्री मार्शल यांनी १७८५ मध्ये अमेरिकन झाडाझुडपांवरच्या आपल्या पुस्तकात बेंजामिन फ्रँकलिन यांचं नाव या झुडपाला दिलं. फ्रँकलिन हे जॉनचे स्नेही. १७४३ मध्ये अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीची सुरुवात केली तेव्हा दोघे बरोबर होते. युरोपातल्या काही जाणकारांना ही वेगळी प्रजाती (genus) मान्य नव्हती, त्यांनी हे झुडूप ‘गॉर्डोनिया’ या प्रजातीत घातलं. अखेर मार्शल यांचंच नाव टिकलं: फ्रँकलिनिया अलाटामाहा. नकाशावर नदी ‘अल्टामाहा’ आहे आणि झाडाच्या नावात एक ‘आ’ जास्तीचा, तो बार्ट्राम मंडळींच्या स्पेलिंगचा. या प्रजातीत ही एकच जाती (species) आहे. कुळ मात्र ओळखीचं, चहाचं. चहाच्या झुडपाचं फूल जवळून पाहिलेल्याला हे नातं सांगावं लागत नाही.

विल्यमचं प्रवासवर्णन १७९१ मध्ये छापलं गेलं. हे झाड त्या एका जागेखेरीज आपल्याला कुठेच भेटलं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. त्याच्या एक वर्ष आधी हम्फ्री यांचे पुतणे मोझेस मार्शल तिथे जाऊन आले होते. १८०३ मध्ये जॉन लायन नावाचे झाडं गोळा करणारे गृहस्थ पोहोचले, तेव्हा पूर्ण वाढलेली सहा-आठच झाडं उरली होती. रानातलं फ्रँकलिनिया पाहिल्याची ही शेवटची खात्रीशीर नोंद. नंतर अनेकांनी शोधलं. हाती काही लागलं नाही.

का संपलं, यावर तर्क पुष्कळ. कुणी पुराला दोष देतात, कुणी वणव्याला, कुणी रोपं उपटून नेणाऱ्यांना. सर्वांत जास्त बोललं जातं ते कापसाबद्दल: नदीच्या वरच्या अंगाला कापसाची लागवड वाढली आणि शेतातल्या मातीबरोबर मुळं कुजवणारा रोग खाली वाहत आला. फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा जीव फ्रँकलिनियाची मुळं खरोखरच कुजवतो, त्यामुळे हा तर्क हवेतला नाही. पण मला तो अर्धाच पटतो. कापसाचा जोर वाढला तो कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र आल्यावर, म्हणजे १७९३ नंतर. हे झाड मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून दोन-तीन एकरांत कोंडलेलं होतं. हिमयुगात उत्तरेकडून दक्षिणेला सरकलेली आणि थंडी ओसरल्यावर तिथेच अडकलेली जात, हे स्पष्टीकरण अधिक जवळचं वाटतं. जॉर्जियात संपलेलं हे झाड तिथून सुमारे हजार किलोमीटर उत्तरेला, बर्फ पडणाऱ्या फिलाडेल्फियात मजेत जगलं. बॉस्टनच्या अरनॉल्ड वृक्षोद्यानात १९०५ साली लावलेली झाडं मोठी होऊन पसरली. दक्षिणेतल्या उकाड्यात आणि चिकण मातीत ते अजूनही रडतं.

चिठ्ठीवरच्या अटींचा उगम इथे लागतो. ती मूळ जागा वाळूच्या टेकाडाच्या पायथ्याची, दलदलीच्या कडेची: खाली ओल कायम, पण माती भुसभुशीत, पाणी मुळाशी तुंबत नाही आणि सामू (pH) सातच्या बराच खाली, म्हणजे आम्लधर्मी. म्हणून उताराच्या खालच्या अंगाची पण पाणी न साचणारी जागा निवडतात, खड्ड्यात पानांचं खत मिसळतात, वर पाइनच्या सालीचं आच्छादन देतात आणि चुना लांब ठेवतात. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळाली तर उत्तम. उत्तरेला पूर्ण ऊनही चालतं आणि मग शरदातला रंग अधिक चढतो: फुलं चालू असतानाच पानं शेंदरी, लाल, जांभळट होतात. बी सुकू न देता ताजंच पेरतात. उन्हाळ्यात कोवळ्या फांद्यांच्या कलमांना मुळं सहज फुटतात. इतकं लाजाळू झाड अडीचशे वर्षं टिकलं त्यात या कलमांचा वाटा मोठा.

आज बागांमध्ये असलेलं प्रत्येक फ्रँकलिनिया बार्ट्राम यांच्याच झाडांच्या वंशातलं मानलं जातं. १९९८च्या सुमाराला, जॉन यांच्या जन्माला तीनशे वर्षं होत आली असताना, बार्ट्राम बागेने झाडांची गणती केली, तेव्हा दोन हजारांहून अधिक झाडांची नोंद झाली. अलीकडे नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात टॉम रॅनी यांनी त्याचा संकर गॉर्डोनियाशी केला, आणि आशियातल्या शिमा या झाडाशीही. शिमाचा एक भाऊबंद दार्जिलिंग-सिक्कीमच्या जंगलांत आहे, तिथले नेपाळी भाषक त्याला चिलाउने म्हणतात.

झाड घ्यायचंच असेल तर कुंडीतलं लहान रोप घ्यावं. मुळं विरळ असल्याने मोठं झाड हलवलं की ते बहुधा जातं. आणि एक फ्रँकलिनिया मूळकुजीने गेलं असेल तर दुसरं त्याच खड्ड्यात लावू नये. रोग मातीत वर्षानुवर्षं बसून राहतो, वरून सगळं ठीक दिसतं, आणि ऐन उन्हाळ्यात कळ्या धरलेल्या असताना एका आठवड्यात पानं माना टाकतात.